दस्त्यावरची शंकरपाळी

समीक्षक व्हायला माणसाला फार काही यावे लागते, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. मी गेली तीस वर्षे एका मासिकात पुस्तकांची परीक्षणे लिहितो आहे. म्हणजे हा गैरसमज टिकवण्यात माझाही खारीचा वाटा आहे. परीक्षणाचे एक तंत्र असते. पुस्तकाची पहिली पाच पाने वाचावीत, शेवटची दोन वाचावीत, मध्ये कुठे तरी बोट घालून छपाईची एक चूक शोधून काढावी आणि 'आकृतिबंध', 'आशयघनता', 'जाणिवांचे पदर' हे शब्द मिठासारखे चवीपुरते टाकावेत. लेखक खूष, संपादक खूष, आणि मानधन मिळत नसल्यामुळे आयकर खात्याचीही तक्रार नाही.

या माझ्या प्रदीर्घ कारकिर्दीत पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली गेलेली कलाकृती एकच. ते पुस्तक नाही, बंदुकीचा दस्ता आहे. आणि तोही मी वाचला नाही. दुसऱ्याने मला वाचून दाखवला. त्या दस्त्याचे हे परीक्षण.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरात एक दुनळी बंदूक आहे. "बारा बोअरची आहे," असे आम्ही मुले शाळेत छाती फुगवून सांगत असू. हे बारा म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नव्हते. बार काढला की बारा गावांना ऐकू जातो म्हणून बारा, असे माझ्या चुलतभावाचे मत होते आणि ते वर्गात मान्य झाले होते. खरा हिशेब निराळाच निघाला. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की भोक लहान. वीस बोअरची बंदूक बारा बोअरच्या बंदुकीपुढे किरकोळ. हा असला उलटा हिशेब साहेबालाच सुचू जाणे.

बंदूक बर्मिंगहॅमची. नळ्यांच्या पोटाखाली तिथल्या प्रूफ हाउसचे शिक्के आहेत. हे प्रूफ हाउस १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने निघाले. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची, उडवून बघायची, आणि फुटली नाही तर शिक्का मारायचा, असा तिथला रिवाज. (आपली विद्यापीठेही हेच करतात, फक्त शिक्का फुटल्यावर मारतात.) तिचे घोडे बाहेर दिसत नाहीत, पोटात असतात. ॲन्सन आणि डीली नावाच्या दोघांनी १८७५ साली ही रचना काढली आणि पुढे जगभर तीच चालली. लोखंडाविषयी मी एवढेच लिहितो. लोखंडाला काही झाले नव्हते. जे झाले ते लाकडाला झाले आणि माझ्या हातून झाले.

आजोबा मुंबईला एका गोऱ्या कंपनीत कारकून होते. १९४७ नंतर त्यांचा साहेब मायदेशी निघाला तेव्हा ही बंदूक त्याने आजोबांना स्वस्तात दिली. आजोबांनी रीतसर परवाना काढला, बंदूक गावी आणून माजघराच्या भिंतीवर टांगली आणि स्वतः पुन्हा मुंबईला गेले. भातात डुकरे शिरतात आणि नारळांवर माकडे बसतात, हे बंदुकीचे कारण. आजोबा गणपतीला आणि शिमग्याला येत. पुढे निवृत्त होऊन कायमचे गावी आले आणि रोज रात्री ओटीवर बसून डुकरांच्या गोष्टी सांगू लागले. मध्यरात्रीची वेळ, शेताच्या बांधावरचा माळा, भिजलेला काळोख, खालून येणारी खसखस, आणि मग पहिला बार. काय गोष्टी होत्या! १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीवर बंधने आली. आजोबांच्या गोष्टींना मात्र कायदा लागू नव्हता. गोष्ट अगदी रंगात आली की आजी "दूध उतू जातंय" म्हणत आत उठून जायची. आमच्या घरचे दूध फार वेळा उतू जात असे.

आजोबांनंतर परवाना काकांच्या नावावर आला. आज काकांचे वय शहाऐंशी. बंदुकीने त्यांच्या हयातीत एकही डुक्कर पाहिलेले नाही, पण पोलीस पाहिले आहेत. कोणतीही निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. आमच्या घरातल्या सुनादेखील इतक्या वेळा माहेरी गेल्या नसतील. आता ती चुलतभावाच्या नावावर करायची ठरली, तेव्हा काकांनी इच्छा बोलून दाखवली, "देतो आहे तर नव्यासारखी करून द्यावी." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तू समीक्षक ना रे? तुला कलेतलं कळतं. तू बघ."

मी बघितले.

या बंदुकीला लाकडे दोन. मागचे खांद्याला लागते तो दस्ता, आणि नळ्यांच्या खाली दुसरा हात धरतो तो पुढचा लहान तुकडा. दोन्ही अक्रोडाची. अक्रोड हलका, मजबूत, हवा बदलली तरी सहसा वाकडा न होणारा आणि बारीक कोरीवकाम धरून ठेवणारा; म्हणून बंदूकवाल्यांचा तो लाडका. मी विचार केला, लाकूड ते लाकूड. पुढच्या तुकड्याचे लोखंड काढले आणि नुसते लाकूड नमुन्यादाखल एका फर्निचर पॉलिशवाल्याकडे दिले. चार दिवसांनी त्याने ते परत दिले. काय सांगू तुम्हांला! लग्नाच्या हॉलमधली वधूवरांची खुर्ची असते ना, तिच्या हातासारखे ते झळकत होते.

"यावर बारीक बारीक रेघा होत्या," मी म्हटले.

"होत्या ना. फार खडबडीत होतं," तो म्हणाला. "सगळं घासून गुळगुळीत करून दिलं. त्याचे जादा पैसे नाही लावले."

या रेघांना धंद्यात चेकरिंग म्हणतात. ते काय असते हे समजायला बर्मिंगहॅमला जायची गरज नाही. दिवाळीत कोणाच्याही स्वयंपाकघरात डोकवावे. शंकरपाळी करताना पोळी लाटून तिच्यावर आधी एका दिशेने कातणे फिरवतात आणि मग तिरके फिरवतात. आमची आजी हे काम इतक्या झपाट्याने करी की बघत राहावे. कडेची वेडीवाकडी कात्रणे मिळावीत म्हणून आम्ही पोरे पोळपाटाभोवती बसायचो, आणि कातण्याच्या हाताखाली येऊ नये म्हणून तिच्या उजव्या बाजूला सरकायचो. कोणी डावीकडे बसला की त्याच्या कपाळाला तिचे कोपर लागलेच. तर चेकरिंग म्हणजे लाकडावरची शंकरपाळी. दस्त्याची मान जिथे हातात धरतात तिथे दोन्ही अंगांना, आणि पुढच्या तुकड्यावर. घामेजलेला, पावसाने भिजलेला हात सरकू नये, हे तिचे पहिले काम. सुंदर दिसणे हे दुसरे. साहित्यात आम्ही हा क्रम उलटा करतो, म्हणून आमचे हात सरकतात.

आता या शंकरपाळ्यांची मापे ऐका. साधारण कामाला इंचात अठरा ते चोवीस रेघा. फार नाजूक कामाला बत्तिसापर्यंत. आमच्या बंदुकीवर बावीस. शंकरपाळे रुंदीच्या तिप्पट लांब धरले तर एका चौरस इंचात जवळजवळ तीनशे शंकरपाळी बसतात, आणि प्रत्येकाचे टोक सुईसारखे उभे राहावे लागते. आधी एकमेकींना छेदणाऱ्या दोन मूळ रेघा आखतात. त्या चुकल्या की पुढचे सारे चुकले. मग दोन ओळी दाते असलेले एक हत्यार येते. त्याची एक ओळ आधीच्या खाचेत चालते आणि दुसरी शेजारची नवी खाच पाडत जाते. म्हणजे प्रत्येक रेघ मागच्या रेघेचे बोट धरून चालते. पहिलीत केसभर वाकडेपणा आला तर तो तिसाव्या रेघेपर्यंत वंशपरंपरेने पोचतो. एका दमात खोल कापायचे नाही; दोनतीन वेळा फिरून हळूहळू खोली गाठायची. आणि हे सगळे सपाट पोळपाटावर नव्हे, तर मनगटासारख्या गोल लाकडावर. सर्वांत अवघड जागा कड. रेघ जाऊन कडेला बरोबर थांबली पाहिजे. हात घसरला की रेघ कुंपण ओलांडून बाहेर जाते आणि जन्मभर तिथे राहते. जाणकार माणूस दस्ता हातात घेतला की नक्षी बघत नाही, आधी कड बघतो.

हे सगळे ज्ञान मला पॉलिशवाल्याकडून आल्यानंतरच्या पंधरा दिवसांत प्राप्त झाले. घर जळाल्यावर विहीर खणणे हा आम्हा समीक्षकांचा जुना व्यवसाय आहे.

शेवटी कोल्हापुरात एका परवानाधारक दुकानात एक जुने मिस्त्री आहेत असे कळले. चुलतभावाने गाडी काढली. परवाना काकांचा, म्हणून काका बंदूक मांडीवर घेऊन मागे बसले. अपराध माझा, म्हणून मी पुढे. मिस्त्रींनी आधी ते चकचकीत लाकूड हातात घेतले आणि चष्मा काढून ठेवला. एखादी वाईट बातमी ऐकायची असली की माणूस करतो तसे.

"ह्ये कुणी केलं वो?"

"एका पॉलिशवाल्यानं."

"त्येला दिलं कुणी?"

मी दुकानातल्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

मग त्यांनी मागचा दस्ता घेतला. तो सुदैवाने वाचला होता. त्याला चोंबे पडले होते, वरचे तोंड तेलाने काळे झाले होते. "भिंतीला टांगताना नळी वर करून टांगता न्हवं? नळीतलं तेल उतरून लाकडात मुरतंय. पंचाहत्तर वर्षांचं तेल हाय ह्ये." चोंबे निघतील म्हणाले. ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवायची. दबलेले लाकूड वाफ पिऊन फुगते आणि वर येते. दबलेले परत येते, कापलेले येत नाही. तेल खडूच्या भुकटीने ओढून काढायचे. वरून वॉर्निश नाही. जवसाचे तेल थेंबथेंब घेऊन तळहाताने मुरवायचे, आणि लाली हवी असेल तर त्यात रतनजोत. विलायतेतले कारागीर अल्कनेट नावाची मुळी घालतात, तिचीच ही आपल्याकडची बहीण.

हे सांगता सांगता त्यांचा अंगठा दस्त्याच्या मानेवरून फिरत होता. तो मध्येच थांबला. त्यांनी दस्ता उजेडात धरला, उलटा केला, टेप काढून काही मोजले.

"बंदूक कुणाची?"

"आजोबांची," मी म्हटले.

"आजोबा बुटके हुते?"

"छे, सहा फूट."

"डावरे?"

"उजवेच."

"मग ही बंदूक त्यांची न्हवं," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

काका ताडकन उठले. शहाऐंशीव्या वर्षी माणूस जितका ताडकन उठू शकतो तितके. "काय बोलताय? माझ्या बाबांची बंदूक आहे ही! परवाना बघा!"

"परवाना खराच असंल, काका. मी लाकडाचं सांगतोय." मिस्त्रींनी दस्ता आमच्यापुढे धरला. चापापासून दस्त्याच्या टाचेपर्यंत इंग्रजी बंदुकीत साधारण सव्वाचौदा ते साडेचौदा इंच असतात. इथे पावणेतेरा होते. मागून कापला होता. मूळ कारागिराच्या हातची टाच साफ असती. इथे करवतीच्या रेघा होत्या आणि वर गावठी पितळी पट्टी. म्हणजे साहेबाच्या नंतर कुणीतरी लहान चणीच्या माणसासाठी तो कापून घेतला. पुढे झीज. दस्त्यावर गाल टेकतो. उजव्या हाताच्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला लागतो, इथे पॉलिश उजव्या अंगाचे उडाले होते. मानेवरची उजवीकडची जाळी त्या मानाने धडधाकट होती. डावीकडची मात्र मधोमध पार झिजून गेली होती. रुपयाएवढी जागा गुळगुळीत. तळहात तिथे बसतो, डावा.

"आन् तळहात लहान," मिस्त्री म्हणाले. "एकदोन वर्सात एवढं झिजत न्हाई. लई रात्री धरलीया ही. पुढचं लाकूड असतं तर दुसरा हात किती लांब जायचा त्येबी सांगितलं असतं." ते माझ्याकडे न बघता बोलले, हा त्यांचा मोठेपणा.

मग त्यांनी सरळ प्रश्न टाकला. पुढच्या तुकड्यावर काहीच उरले नाही, तिथे नवी जाळी कापावीच लागेल. उजवीकडे जुन्याच खाचांतून हत्यार फिरवून त्या जाग्या करता येतील. पण डावीकडे? "हितं रेघा मारायच्या तर मारतो. नव्यावानी दिसंल. पण मारल्या की ह्यो हात गेला."

"मारा," काका म्हणाले. "नव्यासारखीच करायची आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मतावर काहीतरी अवलंबून होते. पुस्तकाला मी वाईट म्हटले तरी पुस्तक छापलेलेच असते. मी घसा साफ केला आणि तीस वर्षांच्या अनुभवाला स्मरून म्हटले, "आठ दिवसांनी सांगतो."

परतीच्या वाटेवर काका बोलले नाहीत. आंबा घाट लागला तसा धुके उतरले. चुलतभाऊ म्हणाला, "आपल्या घराण्यात डावखुरं कोण होतं रे?" मी म्हटले, "कोणी नाही," आणि ते म्हणताना माझ्या कपाळाला पन्नासपंचावन्न वर्षांपूर्वीचे एक कोपर लागले.

घरी आत्या ओटीवर बसली होती. आत्या काकांहून मोठी. बाबांनी मुलग्यांना शिकायला मुंबईला नेले, ही मागे गावात राहिली. तिने विचारले, "काय म्हणाला मिस्त्री?" मी सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली.

"मग बरोबरच आहे त्याचं. आईचीच ती."

"अगं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही सगळे गोष्टी ऐकत बसायचात." तिने एक खडा काढून अंगणात टाकला. "बाबा मुंबईला. भात पोटरीला आलं की डुकरं काय गणपतीची वाट बघत थांबतात? आई माळ्यावर जाऊन बसायची, मी कंदील घेऊन. पहिल्या वर्षी बंदूक तिच्या खांद्याला पुरेना, मग सुताराकडून मागचा तुकडा कापून घेतला. बाबा शिमग्याला आले, त्यांनी बघितलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, कोणाला सांगू नकोस. परवाना माझ्या नावाचा आहे."

म्हणजे ओटीवरच्या त्या साऱ्या गोष्टी खऱ्या होत्या. माळा खरा, काळोख खरा, पहिला बारसुद्धा खरा. फक्त कर्त्याचे नाव बदलले होते. साहित्यात याला आम्ही वाङ्मयचौर्य म्हणतो आणि त्यावर वाद घालतो. आमच्या घरात मूळ लेखिका दूध बघायला उठून जात असे. मीही ते शेकडो वेळा पाहिले होते. चापून बसून, तोंड उघडे टाकून, त्या गोष्टी ऐकताना पाहिले होते. आकृतिबंध, आशयघनता आणि जाणिवांचे पदर यांचा जाणकार असूनही, वर्षातून दोनदा गावी येणारा माणूस बाकीचे दिवस डुकरे कशी मारील, एवढी बेरीज मला साठी उलटेपर्यंत सुचली नाही.

काका त्या रात्री जेवले नाहीत. कापलेला इंच दीड इंच त्यांना खुपत होता की लहानपणी मुंबईला गेल्यामुळे न पाहिलेली आई, हे मी विचारले नाही. सकाळी त्यांनी स्वतः दुकानात फोन लावला. "मी परवानाधारक बोलतो. डाव्या बाजूला हत्यार लावायचं नाही. समजलं? घासायचं सुद्धा नाही."

दीड महिन्याने दस्ता तयार झाला. आता परीक्षण.

पॉलिशवाल्याच्या कामाविषयी आधी. त्याच्यावर मी पूर्वी चिडलो होतो, आता चिडत नाही. त्याने तेच केले जे आपण सगळीकडे करतो. काळ्या दगडाच्या जुन्या मंदिराला विश्वस्त मंडळ ऑईलपेंट फासते, तेव्हा हेतू वाईट नसतो. देव नवा दिसावा एवढीच इच्छा असते. झिजणे म्हणजे खराब होणे, हा आपला समज. खरे म्हणजे झिजण्याचे दोन प्रकार आहेत. वापरून झिजते ते आणि टाकून झिजते ते. तेलाने कुजलेले तोंड, चोंबे, धूळ ही हयगयीची झीज. ती काढलीच पाहिजे. हाताची झीज हा मजकूर आहे. दुरुस्ती करणाऱ्याला या दोहोंतला फरक कळत नसेल तर त्याचे हात कितीही सफाईदार असोत, तो मजकूर पुसून कागद स्वच्छ करून देतो. आणि त्याच्या हाती कागद देणारा जर स्वतःला समीक्षक म्हणवत असेल, तर दोष कोणाचा हे वाचकांनी ठरवावे. पुढच्या लाकडावरचा आजीचा उजवा हात मी घालवला. तो कुठल्याच रतनजोतीने परत येणार नाही.

मिस्त्रींच्या कामाविषयी. पुढच्या तुकड्यावरची नवी जाळी इंचाला बावीस रेघांची, मागच्या जुन्या जाळीशी मोजून जुळवलेली. शंकरपाळी टोकदार, एकसारखी. उजेडात तिरके धरले की दोन्ही दिशांच्या रेघा धावत येऊन कडेला थबकतात. उजवीकडची जुनी जाळी जुन्याच खाचांतून जागी केलेली. तिथे मूळ कारागिराची एक रेघ किंचित कललेली होती, ती मिस्त्रींनी सरळ केली नाही. कललेलीच खोल केली. दुसऱ्याच्या वाक्यात असा हात घालणारा संपादक मला आजवर भेटलेला नाही. तेल बेताचे, खाचांत साचलेले नाही. चोंबे निघाले, पण मानेजवळचा एक खोल ओरखडा तसाच ठेवला, कारण तो काढायला आजूबाजूचे लाकूड उतरवावे लागले असते.

दोष एक. पुढच्या तुकड्याच्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ सुताएवढी कडेबाहेर गेली आहे. हा दोष मी शोधून काढला असे लिहायला मला आवडले असते. पण मिस्त्रींनीच तिथे नखाने दाखवले. "हितं हात घसरला. कड जाड केली असती तर झाकलं असतं. न्हाई झाकलं." मी म्हटले, "कोणाच्या लक्षात नसतं आलं." ते म्हणाले, "माझ्या आलं न्हवं?" मासिकाच्या संपादकांना हे वाक्य चौकटीत टाकून पहिल्या पानावर छापता येईल का, असे मी विचारणार आहे.

आणि डावी बाजू. तिथे मिस्त्रींनी काहीच केलेले नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने मळ काढला, कडेच्या उरल्यासुरल्या शंकरपाळ्यांना तेलाचा हात दिला आणि मधली रुपयाएवढी जागा सोडून दिली. या दस्त्यावरचे सर्वांत चांगले काम तेच. न केलेल्या कामाचे परीक्षण कसे करतात हे आमच्या शास्त्रात सांगितलेले नाही.

बंदूक घरी आल्यावर काकांनी ती खांद्याला लावून पाहिली. दस्ता आखूड, कोपर दुमडून छातीत रुतले. मग उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवला. काकांचा हात मोठा, बाबांसारखा. तो चारी बाजूंनी बाहेर राहिला. "लहान होता गं तिचा हात," ते आत्याला म्हणाले. आत्या म्हणाली, "होताच. तोंडात बसायचा तेव्हा मोठा वाटायचा."

चुलतभावाच्या नावावर बंदूक होण्याआधीच निवडणूक जाहीर झाली आणि ती नेहमीप्रमाणे माहेरी निघाली. ठाण्यात एक तरुण हवालदार जमा पावती लिहीत होते. त्यांनी बंदूक वरखाली पाहिली, नंबर उतरवला, आणि वर्णनाच्या रकान्यापाशी थांबून डावी बाजू अंगठ्याने चाचपली. मग सुवाच्य अक्षरात लिहिले : 'दुनळी, १२ बोअर. चालू स्थितीत. दस्ता दुरुस्त केलेला. डावीकडे वापरून झिजलेला.'

पावती मी जपून ठेवली आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून लिहिलेले परीक्षण असे असते, हे नवोदितांना दाखवायला उपयोगी पडेल.